रेसिंग गेममधले ट्रॅक कसे मोजायचे आणि सुरुवात कुठून करायची

‘ग्रॅन टुरिस्मो ७’ हा गेम ४ मार्च २०२२ ला आला. त्याची जाहिरात करताना नव्वदहून जास्त ट्रॅक असल्याचं सांगितलं जायचं. आत शिरून नावं मोजली की ठिकाणं ३४ भरायची. नव्याने खेळायला बसलेला मुलगा इथेच गोंधळतो, की बाकीचे ट्रॅक गेले कुठे? ते कुठेही गेलेले नसतात. ठिकाणं ३४ आणि लेआउट ९७, असा तो हिशेब होता. ठिकाण आणि लेआउट यांतला हा फरक नीट कळला तर कुठला गेम घ्यायचा, त्यात आधी काय शिकायचं आणि वेळ कुठे वाया जातो, हे तिन्ही प्रश्न सुटतात.

बेळगावकरांना हे समजवायला टिळकवाडी पुरेशी आहे. काँग्रेस रोडवरून निघा, पहिल्या रेल्वे गेटातून टिळकवाडीत शिरा आणि दुसऱ्या गेटातून परत काँग्रेस रोडला या. ही एक फेरी झाली. आता दुसऱ्या गेटाला न वळता तिसऱ्या गेटापर्यंत जाऊन परत आलात तर फेरी लांबली, काही वळणं तीच राहिली, काही नवी आली. हीच फेरी उलट्या बाजूने मारली की आणखी एक प्रकार. गाव एकच, पण गेम बनवणारा त्याचे चार लेआउट सहज मोजेल. ठिकाण म्हणजे ते गाव, आणि लेआउट म्हणजे त्यातली एक ठरावीक फेरी. बहुतेक गेममध्ये लॅपची, म्हणजे एका फेरीची वेळसुद्धा प्रत्येक लेआउटची वेगळी नोंदवली जाते.

पहिली पायरी: वही घ्या आणि खरी मोजणी करा

गेममध्ये ट्रॅक निवडायची यादी उघडा आणि वहीत तीन रकाने आखा: ठिकाण, लेआउट, आणि ‘आधीच्या लेआउटशी सारखी असलेली वळणं’. तिसऱ्या रकान्यातच सगळं मर्म आहे. एका ठिकाणचे लेआउट लिहिताना सगळ्यात लहान आधी आणि मोठा शेवटी, असा क्रम ठेवा. प्रत्येक लेआउटच्या नकाशावर बोट फिरवत जा आणि आधी येऊन गेलेली वळणं मोजा.

इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन घ्या. त्याचा नॅशनल लेआउट सुमारे २.६४ किलोमीटरचा, इंटरनॅशनल सुमारे २.९८ किलोमीटरचा आणि ग्रां प्री लेआउट ५.८९१ किलोमीटरचा, १८ वळणांचा. नॅशनलमध्ये कॉप्स, ब्रुकलँड्स, लफील्ड आणि वुडकोट ही ओळखीची वळणं येतात. इंटरनॅशनलमध्ये ॲबी, फार्म, स्टो, व्हेल आणि क्लब येतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर त्यातलं एकही नाव सामायिक नाही. म्हणजे नाव एक असलं तरी खेळणाऱ्याच्या हाताला हे दोन वेगळे ट्रॅकच आहेत. दोन्ही शिकून झाले की ग्रां प्री लेआउट अर्ध्याहून जास्त पाठ झालेला असतो. उरतात ती लूपच्या भागातली मंद वळणं आणि मॅगॉट्स, बेकेट्स, चॅपल अशी वेगात सलग घ्यायची नागमोड. या तीन लेआउटना तीन मोजलं तर त्यात खोटं काही नाही.

याच्या उलट ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मधला ब्लू मून बे पाहा. हा कल्पित ट्रॅक आहे. यादीत त्याचे सहा लेआउट दिसतात: बाहेरचा वेगाचा गोल, गोलाच्या आतून वळणं घेत जाणारे इनफील्ड ए आणि इनफील्ड बी, आणि या तिघांचे उलटे. बाहेरच्या गोलाचा मोठा भाग सगळ्यांतच आहे. वहीत हिशेब मांडला तर सहापैकी खरा नवेपणा दोन इनफील्डच्या आतल्या वळणांत सापडतो. आकड्यात सिल्व्हरस्टोनपेक्षा दुप्पट, शिकण्यात मात्र कमी.

काही लेआउटमध्ये फरक एखाद्या शिकेनपुरता असतो. शिकेन म्हणजे सरळ रस्त्यावर वेग तोडण्यासाठी घातलेली डावी-उजवी मोड. फ्रान्समधल्या ल मांच्या लांब सरळ रस्त्यावर १९९० साली दोन शिकेन घातले गेले, तोवर तिथे गाड्या जवळजवळ सहा किलोमीटर सुसाट जायच्या. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये शिकेनसह आणि शिकेनशिवाय असे दोन्ही लेआउट आहेत. नकाशावर फरक चिमुटभर दिसतो, पण गाडीचं सेटिंग पूर्ण वेगळं करावं लागतं. तेव्हा वळणं कमी म्हणून असा लेआउट खोडून टाकू नका. समासात ‘गिअर बदलावे लागतात’ असं लिहून ठेवा.

उलटा लेआउट: अर्धा मोजा, पण दुप्पट सांभाळा

बेळगावहून गोव्याला जाताना चोर्ला घाट उतरावा लागतो आणि येताना चढावा लागतो. रस्ता तोच, वळणं तीच, पण उतरताना जिथे ब्रेक दाबावा लागतो तिथे चढताना ॲक्सिलरेटर लागतो. उलट्या लेआउटचं अगदी हेच आहे. उतारावरचं सोपं वळण उलट दिशेने आंधळ्या चढावाचं होतं.

उलट्या लेआउटमध्ये नवशिक्याच्या तीन चुका ठरलेल्या. एक, ब्रेकची खूण. सरळ दिशेने शिकताना एखादा फलक, झाड किंवा पुलाची सावली बघून ब्रेक मारायची सवय झालेली असते. उलट दिशेने तीच खूण वळण संपल्यावर दिसते. त्यामुळे पहिल्या पाच फेऱ्या फक्त नव्या खुणा शोधण्यासाठी ठेवा. दुसरी चूक कर्बची, म्हणजे रस्त्याच्या कडेला घातलेल्या पट्टीची. वळणातून बाहेर पडताना गाडी जिथे पसरते तिथे लाल-पांढरा कर्ब लांब आणि सपाट असतो. उलट दिशेने त्याच जागी तुम्ही वळणात शिरता, आणि शिरताना चाक कर्बवर गेलं की गाडी फिरते. तिसरी गोष्ट टायरची. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून डावे टायर लवकर झिजतात. उलट दिशेने उजवे झिजतात. लांब शर्यतीत हे लक्षात आलं नाही तर शेवटच्या फेऱ्यांत गाडी का सरकते, तेच समजत नाही.

उलटे लेआउट सगळीकडे नसतात. ‘एफवन २५’मध्ये तीनच ठिकाणी ती सोय आहे: सिल्व्हरस्टोन, नेदरलँड्समधलं झांडवूर्त आणि ऑस्ट्रियातलं रेड बुल रिंग. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’चे जे ९६ ट्रॅक सांगितले जातात त्यात आरशासारखे डावी-उजवी पालटलेले ट्रॅक धरलेले नाहीत. ते वेगळ्या मोडमध्ये खेळता येतात. दोन गेमचे आकडे समोरासमोर ठेवण्याआधी उलटे आणि आरशाचे लेआउट धरलेत की नाहीत, हे बघणं म्हणूनच भाग आहे.

जुन्या लोकांना ‘रोड रॅश’ आठवत असेल. पीसीवर तो १९९६ साली आला आणि सायबर कॅफेंत वर्षानुवर्षं चालला. त्यात रस्ते पाचच होते. पातळी वाढली की नावं तीच राहायची आणि रस्ता लांबत जायचा. पाच रस्ते, पाच पातळ्या. कोणी त्याला २५ ट्रॅक म्हणेल, कोणी पाच. आमच्या मते पाच.

दुसरी पायरी: गेम निवडताना आकड्याकडे कसं बघायचं

‘असेटो कॉर्सा कॉम्पेटिझिओने’ या २०१९ च्या गेममध्ये जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच लेआउट आहे. ट्रॅकची यादी लहान दिसते. पण ते ट्रॅक लेझरने मोजून बनवलेले आहेत. खऱ्या रस्त्यावरचा उंचवटा, खड्डा आणि कर्बची उंची गेममध्ये उतरलेली आहे. स्टिअरिंग व्हील असेल तर तो फरक तळहाताला जाणवतो. ज्याला शर्यत गंभीरपणे शिकायची आहे त्याला हा लहान आकडा पुरतो.

‘आयरेसिंग’मध्ये वर्गणीत काही ट्रॅक मिळतात, बाकीचे सुटे विकत घ्यावे लागतात. ट्रॅक घेतला की त्याचे सगळे लेआउट त्याच पैशात येतात. इथे मात्र लेआउटची संख्या थेट खिशाशी जोडलेली आहे. एकाच लेआउटचा ट्रॅक आणि पाच लेआउटचा ट्रॅक समोर असतील तर नवशिक्याने दुसरा घ्यावा. अर्थात तुम्ही शर्यतींच्या ज्या मालिकेत खेळणार तिच्या वेळापत्रकात तो येतो का, हे आधी तपासून.

‘ट्रॅकमेनिया’ची जात वेगळी. खेळणारेच ठोकळे जोडून ट्रॅक बनवतात, त्यामुळे तिथे मोजणीला अंत नाही. अधिकृत मोहिमेत मात्र दर हंगामाला २५ ट्रॅक येतात. एकेक ट्रॅक साधारण मिनिटभराचा असतो, म्हणून थोडाच वेळ मिळणाऱ्यांना हा गेम सोयीचा पडतो.

भारतातला ट्रॅक हवा असेल तर ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट शोधा. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणं १६. तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि ‘एफवन २०११’, ‘एफवन २०१२’ व ‘एफवन २०१३’ या गेममध्ये तो ट्रॅक आहे. २०२३ मध्ये मोटरसायकलींची मोटोजीपी शर्यत तिथे आली, त्यामुळे ‘मोटोजीपी २३’मध्येही तो सापडतो.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या खेड्यांत राहणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ डिस्कमध्ये शंभर जीबीच्या पुढे जागा खातो आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना इंटरनेट सतत चालू लागतं. मोबाइलच्या डेटावर एवढा गेम उतरवायला बसू नका. ज्याच्याकडे वायरचं नेट आहे त्याच्या घरी कन्सोल नेऊन उतरवून घेणं परवडतं. पीसीवरचा जुना ‘असेटो कॉर्सा’ एकदा बसवला की एकट्याने खेळायला नेट लागत नाही. ज्या भागात पावसाळ्यात लाईट जाते आणि तिच्यासोबत नेटही जातं, तिथे हा फार मोठा फरक आहे.

तिसरी पायरी: पहिला लेआउट लहानच निवडा

नव्या माणसाचा हात पहिल्याच दिवशी जर्मनीच्या नॉर्डश्लाइफेकडे जातो, कारण नाव ऐकलेलं असतं. त्याची लांबी २०.८३२ किलोमीटर आणि वळणं सत्तरच्या वर. नवशिक्याला एक फेरी सहज दहा मिनिटांची पडते. म्हणजे तासाभरात सहा फेऱ्या, आणि प्रत्येक वळण सहाच वेळा समोर येतं. दोन भेटींमध्ये दहा मिनिटं जातात, तोवर मागच्या वेळी ब्रेक कुठे मारला होता ते विसरलेलं असतं.

जपानचा त्सुकुबा २.०४५ किलोमीटरचा आहे. सव्वा मिनिटाची फेरी धरली तरी तासात ४८ फेऱ्या होतात. एकच वळण ४८ वेळा, आणि चुकलं तर मिनिटभरात पुन्हा संधी. शिकणं एवढ्यासाठीच लहान लेआउटवर लवकर होतं.

आमची शिफारस इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचची आहे. त्याचा इंडी लेआउट १.९४४ किलोमीटरचा आणि ग्रां प्री ३.९१६ किलोमीटरचा. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये दोन्ही आहेत. इंडीची सुरुवात पॅडॉक हिलने होते. हे उजवं वळण असून वळता वळता रस्ता पायाखालून खाली जातो आणि वळणाचा शेवट दिसत नाही. लगेच चढण, वर ड्रुइड्सची उजवी हेअरपिन, म्हणजे गाडी जवळजवळ उलट फिरवणारं वळण. मग उतरत डावीकडे ग्रॅहम हिल, छोटा सरळ रस्ता, आणि सर्टीजचं डावं वळण.

सर्टीजपाशी दोन लेआउट वेगळे होतात आणि नवशिके नेमके इथेच अडखळतात. इंडीमध्ये सर्टीजनंतर लगेच उजवीकडे मॅक्लारेन येतं. म्हणून सर्टीजमधून गाडी आवरून, डाव्या बाजूला राखूनच बाहेर काढावी लागते. ग्रां प्रीमध्ये त्याच सर्टीजनंतर जंगलातला लांब वेगाचा रस्ता सुरू होतो. तिथे लवकर ॲक्सिलरेटर देऊन गाडी रस्त्याच्या पूर्ण रुंदीत उजवीकडे पसरू द्यायची. इंडीची सवय घेऊन ग्रां प्रीत गेलेला माणूस सर्टीजमध्ये उगाच थांबतो आणि पुढच्या सरळ रस्त्यावर मागे पडतो. ग्रां प्रीची सवय घेऊन इंडीत आलेला थेट बाहेर जातो. वळण एकच, पण पुढे काय आहे यावर त्याची रेषा ठरते. हे एकदा हातात बसलं की दुसऱ्या कुठल्याही ठिकाणचा दुसरा लेआउट शिकायला निम्मा वेळ लागतो.

शिकण्याचा क्रम असा ठेवा. दीडशे ते दोनशे अश्वशक्तीची साधी गाडी घ्या, ऑटोमॅटिक गिअर आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी सोय) चालू ठेवा. पहिल्या दहा फेऱ्या घड्याळाकडे बघायचंच नाही, फक्त रस्त्याबाहेर जायचं नाही. पुढच्या दहा फेऱ्यांत प्रत्येक वळणाआधीची ब्रेकची एक खूण ठरवा आणि वहीत लिहा: ‘ड्रुइड्स, शंभरच्या फलकापाशी’ अशी. मग टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत लावा आणि स्वतःच्याच चांगल्या फेरीचा घोस्ट, म्हणजे ती फेरी तशीच मारून दाखवणारी सावलीसारखी गाडी समोर ठेवा. जगातल्या पहिल्या नंबरचा घोस्ट लावला तर तो दुसऱ्या वळणाला दिसेनासा होतो आणि त्यातून शिकायला काहीच मिळत नाही. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये सर्किट एक्सपिरियन्स नावाचा भाग आहे. त्यात ट्रॅकचे तुकडे पाडून एकेक तुकडा शिकवतात आणि शेवटी पूर्ण फेरी मारायला लावतात. नॉर्डश्लाइफे शिकायचा हाच मार्ग आहे, एकेका तुकड्याने.

त्सुकुबा, ब्रँड्स हॅच इंडी, सिल्व्हरस्टोन नॅशनल यांतला एक लेआउट पक्का झाल्याची खूण अशी धरा: सलग दहा फेऱ्यांत सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद फेरीमधलं अंतर एका सेकंदाच्या आत. एकच फेरी फार भारी मारता येणं म्हणजे ट्रॅक येणं नव्हे.

लेआउट बदलला की गाडीत काय बदलायचं

आधी सगळ्यात वरचा गिअर. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिन लाल रेषेला टेकून तसंच ओरडत राहिलं तर गिअर आखूड आहेत, फायनल ड्राइव्हचा (सगळे गिअर एकदम लांब-आखूड करणाऱ्या सेटिंगचा) आकडा कमी करा. उलट वरचा गिअर कधी लागतच नसेल तर तो आकडा वाढवा. ल मां शिकेनशिवाय खेळताना पहिली अडचण येते, ब्रँड्स हॅच इंडीवर दुसरी.

पेट्रोलचा हिशेब सोपा आहे, तरी बहुतेक जण चुकतात. वीस मिनिटांच्या शर्यतीत ५० सेकंदांची फेरी असेल तर २४ फेऱ्या होतात, दीड मिनिटाची असेल तर साधारण १३ ते १४. एका फेरीला किती लिटर जातं ते सरावात बघा, फेऱ्यांनी गुणा आणि वर एका फेरीचं पेट्रोल धरा, कारण वेळेच्या शर्यतीत घड्याळ संपल्यावर चालू असलेली फेरी पूर्ण करावी लागते. लांब लेआउटवर ही वरची एक फेरी भारी पडते. नॉर्डश्लाइफेची एक फेरी म्हणजे लहान ट्रॅकच्या दहा.

पीसीवर बाहेरचा ट्रॅक बसवताना

‘असेटो कॉर्सा’साठी लोकांनी बनवलेले ट्रॅक फुकट मिळतात. ते ‘कंटेंट’ फोल्डरातल्या ‘ट्रॅक्स’ या फोल्डरात जातात. ट्रॅक बसवला पण यादीत दिसत नाही, याचं नेहमीचं कारण फोल्डरात फोल्डर. झिप उघडताना एकाच नावाचे दोन फोल्डर एकात एक तयार होतात. आतला बाहेर काढा.

ट्रॅक दिसतो पण त्याचे दुसरे लेआउट दिसत नाहीत, तर ट्रॅकच्या ‘यूआय’ फोल्डरात बघा. प्रत्येक लेआउटचा तिथे स्वतःचा उपफोल्डर असावा लागतो. तो नसेल तर गेमला तो लेआउट आहे हेच कळत नाही. त्याच उपफोल्डरातल्या माहितीच्या फाइलमध्ये पिटच्या, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागांचा आकडा असतो. तिथे पाच लिहिलेलं असेल तर शर्यतीत पाचाहून जास्त गाड्या येणार नाहीत, मग सेटिंगमध्ये कितीही मागा.

आणि लेआउट चालतो पण समोर संगणकाच्या गाड्या येत नाहीत, किंवा येऊन भिंतीला धडकतात, तर त्या लेआउटच्या ‘एआय’ फोल्डरातली ‘फास्ट लेन’ फाइल गायब किंवा चुकीची आहे. संगणकाच्या गाड्या त्याच फाइलमधल्या रेषेवर धावतात. बनवणाऱ्याने मुख्य लेआउटची रेषा दिलेली असते आणि लहान लेआउटची राहून गेलेली असते, असं फार वेळा आढळतं. एका लेआउटची फाइल दुसऱ्यात टाकून काम होत नाही. नवी आवृत्ती शोधा, आणि ती मिळेपर्यंत तो लेआउट एकट्याने सरावाला वापरा.